कार्डावर नसलेली लस

संक्रांत उलटली, की सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागाबाहेरच्या बाकांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. अंगभर पाण्याचे फोड उठलेले मूल आईच्या पदराखाली, शेजारी आजी आणि आजीच्या पिशवीत कडुलिंबाचा पाला. होळी-पाडवा येतो, जातो, पार एप्रिल सरेपर्यंत ही रांग हटत नाही, कारण हिवाळ्याचा शेवट ते उन्हाळ्याची सुरुवात हाच आपल्याकडे कांजिण्यांचा हंगाम. केसपेपर हातात घेऊन उभ्या असलेल्या आईचे प्रश्न बहुधा दोनच असतात. आंघोळ घालायची का, आणि धाकट्याला होईल का? धाकट्याला होण्याची शक्यता दाट आहे, हे ऐकल्यावर कधी तरी तिसरा प्रश्न येतो : "याची लस नसते का?" असते, असे म्हटल्यावर ती गप्प होते आणि मग म्हणते, "मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

पालक लस नाकारतात, असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. अज्ञान, अंधश्रद्धा, मोबाइलवरच्या अफवा ही कारणेही तयार असतात. कांजिण्यांच्या लसीबाबत मात्र अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात ही कारणमीमांसा फारशी लागू पडत नाही. नाकारायला आधी कोणी तरी पुढे करावे लागते. चौदा तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात बहुसंख्य आईबापांपुढे ही लस कधी पुढे केलीच जात नाही. जिथे केली जाते, तिथे ती अशा शब्दांत केली जाते की ऐकणाऱ्याने ती टाळावी.

घराघरातल्या ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेले माता व बाल संरक्षण कार्ड पाहा. त्यावर बीसीजी आहे, पोलिओ आहे, पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला आहे. कांजिण्या नाहीत, कारण केंद्र सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. गावातल्या आईसाठी लसीकरण म्हणजे हे कार्ड, आशाताईचा निरोप आणि उपकेंद्रातला ठरलेला वार. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक मुलांचे बहुतेक लसीकरण सरकारी केंद्रांत झाल्याचे दिसले. म्हणजे जी लस सरकारी कार्डावर नाही, ती या मुलांच्या जगातच नाही. आशाताई तिच्याबद्दल बोलत नाही, परिचारिका बोलत नाही. बोलून उपयोग काय, शीतपेटीत ती नाहीच. जी वस्तू देता येत नाही तिची जाहिरात कोण करील?

यातून पालकांचा एक सरळ तर्क तयार होतो : गरजेची असती तर सरकारने दिली असती. हा तर्क मूर्खपणाचा नाही. सरकारी लसीकरणावर लोकांचा जो विश्वास गेल्या चाळीस वर्षांत बसला, त्याचेच हे फळ आहे. पण तो पुरता खरा नाही. न्यूमोकोकल लसीचे उदाहरण ताजे आहे. न्यूमोनियापासून वाचवणारी ही लस वर्षानुवर्षे फक्त खासगी दवाखान्यात, हजारो रुपये मोजून मिळत होती. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ मध्ये काही राज्यांत आली आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये. रोटाव्हायरसची लस राज्यात २०१९ मध्ये आली. त्याआधीच्या वर्षांत जन्मलेल्या बाळांना न्यूमोनिया किंवा जुलाब कमी त्रासदायक होते, असे थोडेच आहे? सरकारच्या यादीत एखादी लस नसण्यामागे पैसा, पुरवठा आणि अग्रक्रम अशी कारणे असतात. 'गरज नाही' हे त्यातले एक असू शकते, पण प्रत्येक वेळी नसते.

आता दुसऱ्या टोकाला, सावेडीतल्या किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या बाजारपेठेतल्या खासगी बालरुग्णालयात जाऊ. इथे नोकरदार जोडपे दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आलेले असते. भिंतीवर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे वेळापत्रक लावलेले असते. त्यात कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस आहेत : पहिला १५व्या महिन्यात, दुसरा १८-१९व्या महिन्यात. याच संघटनेने सुमारे २००७-०८ पर्यंत ही लस 'पालकांशी वैयक्तिक चर्चा करून द्यायच्या' गटात ठेवली होती. नंतर भूमिका बदलली आणि ती सर्व मुलांसाठीच्या शिफारशीत आली. वेळापत्रक बदलले, तोंडातला शब्द मात्र तोच राहिला. आजही अनेक दवाखान्यांत तिची ओळख 'ऑप्शनल' अशीच करून दिली जाते. मराठीत 'ऐच्छिक'. ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याला शाळेतला तो विषय आठवतो, ज्याचे गुण एकूण टक्केवारीत धरत नसत. "ही ऑप्शनल आहे, घ्यायची असेल तर घ्या," हे वाक्य उच्चारताना डॉक्टरने निर्णय दिलेलाच असतो. पालक फक्त त्यावर मान डोलावतात.

डॉक्टर असे का बोलतात? एक तर लसीची किंमत. एका डोसला साधारण दोन हजारांच्या आसपास, म्हणजे दोन डोसना चारेक हजार. आग्रह धरला तर 'डॉक्टर पैसे काढतोय' असे वाटेल ही धास्ती बऱ्याच प्रामाणिक डॉक्टरांना असते. दुसरे असे, की कांजिण्या अंगावर काढलेल्या पिढीतलेच डॉक्टरही आहेत. त्यांनाही मनातून तो किरकोळ आजार वाटतो. पालकांच्या निर्णयावर सर्वाधिक प्रभाव कशाचा पडतो, याचा अभ्यास जगात जिथे जिथे झाला, तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरचा स्पष्ट सल्ला फार वरच्या क्रमांकावर आला. स्पष्ट सल्ला म्हणजे दटावणी नव्हे. 'आज हिचा कांजिण्यांचा पहिला डोस आहे, तीन महिन्यांनी दुसरा' असे सांगून मग प्रश्नांना उत्तरे देणे, एवढाच त्याचा अर्थ.

घरी गेल्यावर मग सासूबाई विचारतात, "कशाची सुई? कांजिण्यांची? आमच्या सगळ्या पोरांना आल्या, कुणाला काय झालं?" या प्रश्नाला सुनेकडे उत्तर नसते, आणि सासूबाईंचे म्हणणे खोटेही नसते. निरोगी मुलांमध्ये कांजिण्या बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत खपल्या धरून बऱ्या होतात. अडचण 'बहुतेक' या शब्दात आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये लस सुरू होण्यापूर्वी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत. त्यांतल्या साधारण १० ते १३ हजारांना रुग्णालयात दाखल करावे लागे आणि १०० ते १५० मृत्युमुखी पडत. चाळीस लाखांत शंभर-दीडशे म्हणजे कोणत्याही एका आजीला, एका वाड्यात, एका वस्तीवर असा मृत्यू आयुष्यात दिसण्याची शक्यता नगण्य. त्यामुळे आजीचा अनुभव खरा असतो आणि तरीही अपुरा असतो. ज्या घरात फोडात पू होऊन तो रक्तात पसरला, किंवा मूल चालताना झोकांड्या खाऊ लागले म्हणून मेंदूचा दाह लक्षात आला, ते घर तिच्या ओळखीचे नसते.

आजीच्या पिढीचा आणखी एक संदर्भ आहे, तो नव्या पालकांना ठाऊक नाही. तिच्या लहानपणी अंगावर फोड येणारा खरा भयंकर आजार म्हणजे देवी. तोंडावर व्रण ठेवणारा, डोळे घालवणारा, जीव घेणारा. त्याच्याच विरुद्ध १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. मराठीत लसीकरणालाच कित्येक पिढ्या 'देवी टोचणे' म्हणत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि हा रोग संपला. दंडावरचा गोल व्रण ज्यांच्या अंगावर आहे त्या पिढीला मोठी देवी आणि छोट्या कांजिण्या यांतला फरक नीट कळतो. मोठीच्या मानाने ही धाकटी म्हणजे काहीच नाही, हा त्यांचा हिशेब त्या काळाच्या अनुभवावर बेतलेला आहे.

देवीच्या नावाबरोबर श्रद्धाही आली. घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे नाही, रुग्णाला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचे, माता आपल्या पावलांनी आली तशी जाईल, औषध देऊन तिला डिवचायचे नाही. यावर हसणे सोपे आहे. पण नीट पाहिले तर यातल्या निम्म्या गोष्टी उपयोगाच्या आहेत. रोगी वेगळा ठेवणे, त्याला विसावा देणे, परक्यांची ये-जा थांबवणे यापेक्षा वेगळे आजचा डॉक्टर तरी काय सांगतो? नुकसान होते ते उरलेल्या निम्म्यात. ताप चढत असताना, श्वास लागत असताना, 'पाच दिवस थांबू' म्हणून दवाखाना टाळला जातो. आंघोळ बंद केल्याने खाजवलेले फोड पिकतात. आणि माता येणे हे जर अटळ, किंबहुना शुभ मानले, तर ती येऊ नये म्हणून सुई टोचण्याची कल्पनाच अवघड वाटते. श्रद्धा लसीला थेट विरोध करते असे नाही. ती आजाराला 'टाळण्याजोग्या' गोष्टींच्या यादीतून बाहेर काढते.

मग लस घ्यावी अशी खरी गरज कुणाची? इथेच या प्रश्नाचे गांभीर्य आहे, आणि दवाखान्यातल्या बोलण्यात नेमके तेच राहून जाते. कांजिण्या लहानपणी सौम्य असतात, वय वाढेल तशा त्या चिघळतात. प्रौढ माणसाला मृत्यूचा धोका लहान मुलाच्या तुलनेत वीस-पंचवीस पट असतो. न्यूमोनिया हे त्याचे मुख्य कारण. गर्भवतीला पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्या, तर शंभरातल्या एक-दोन बाळांमध्ये हातपाय, डोळे, मेंदू यांत जन्मजात व्यंग राहू शकते. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात आईच्या अंगावर फोड उठले, तर बाळाला तिच्याकडून विषाणू मिळतो, पण त्याला रोखणारी प्रतिपिंडे मिळत नाहीत. अशा नवजात बाळांत उपचाराविना मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेल्याची नोंद आहे. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे मूल, स्टेरॉइडवर असलेले मूल यांच्यासाठीही हा आजार किरकोळ नाही. यातल्या बहुतेकांना स्वतः लस घेता येत नाही, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे. गर्भवतीला आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्याला ती देत नाहीत. त्यांचे संरक्षण आजूबाजूच्या मुलांनी लस घेण्यावर अवलंबून असते. दीड वर्षाच्या बाळासाठी घेतलेला निर्णय त्याच्या मावशीच्या पोटातल्या बाळाबद्दलचाही असतो, हे पालकांना कोणी सांगत नाही.

शिवाय आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत कांजिण्या थंड देशांच्या मानाने उशिरा होतात. तिकडे शाळेत जाईपर्यंत जवळपास सगळ्यांना होऊन गेलेल्या असतात. इकडे पौगंडावस्थेतही अनेक मुलेमुली त्यातून गेलेली नसतात. अकोले तालुक्यातल्या निवासी आश्रमशाळेत, तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक फोड दिसला, की दोन-तीन आठवड्यांनी खाटांच्या रांगाच्या रांगा आजारी पडतात, त्या यामुळेच. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत असतात. वेगळ्या खोलीत बसून, अंगाला खाज सुटत असताना पेपर सोडवणारा मुलगा दरवर्षी कुठे ना कुठे असतोच. चार हजार वाचले, असे म्हणणाऱ्या पालकाने तेव्हाचा हिशेब कसा मांडायचा?

आणि चार हजार ज्यांच्याकडे नाहीतच, त्यांचे काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे एक 'कोयता', मुलाबाळांसह साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाऊन कोप्यांत राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी उभा राहिला. त्याच जिल्ह्यातली माणसे आजही अशी हंगामी घरे उभारतात. तोडणीचा हंगाम आणि कांजिण्यांचा हंगाम हे दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसतात. एकाला एक लागून कोप्या, एकाच ठिकाणी पाणी, आत एकच अंथरूण. घरात एकाला कांजिण्या झाल्या, की आधी न झालेल्या दहापैकी आठ-नऊ जणांना त्या होतात. पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवत असते, म्हणजे आजारी मुलाला वेगळे ठेवण्याचा विचार सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि त्याच फडात मोळ्या वाहणाऱ्या बायकांत सातव्या-आठव्या महिन्याची गर्भवतीही असते.

२०२४ च्या सुरुवातीला ऊसतोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. जोडीने पहाटेपासून राबून दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडला असे धरले, तरी एका मुलाचा एक डोस म्हणजे दोघांची तीन-साडेतीन दिवसांची मजुरी. तीन मुले, प्रत्येकी दोन डोस, हा गुणाकार कुणीही करून पाहावा. या जोडप्याने लस घेतली नाही तर त्याला 'लसीबद्दलची उदासीनता' म्हणणे हा क्रूर विनोद होईल. त्याच वेळी हेही खरे, की मूल तापाने फणफणले की आईचा कोयता थांबतो, नुकसान होतेच. पण आजाराचा खर्च उद्याचा असतो आणि लसीचा आजचा. उचलीवर जगणाऱ्या घरात आजचे पैसे आजच मोजावे लागतात.

तरीही सारे काही पैशावर येऊन थांबते, असे मानण्यात अर्थ नाही. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा लस पूर्ण मोफत होती, शाळेतच मिळत होती. तरी 'आधी दिलीय, पुन्हा कशाला', 'आमच्याच शाळेत का' असे प्रश्न घेऊन पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे होते. फुकट असली तरी लस पटावी लागते, आणि पटवून देणारा माणूस ओळखीचा असावा लागतो. याचा धडा शोधायला लांब जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित कुटुंबांतल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजार म्हणजे देवीचा कोप मानणाऱ्या घरांत डॉक्टरच्या शब्दापेक्षा शेजारणीचा शब्द आधी पोचला, तिने आपल्या मुलाला लस दिलेली गावाने पाहिलेली होती. आज प्रत्येक गावात आशाताई आहे. तिच्या तोंडी कांजिण्यांचा विषय अजून आलेला नाही, एवढेच.

या लसीची गोष्टसुद्धा एका बापापासूनच सुरू होते. जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला काम करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या झाल्या आणि त्या इतक्या तीव्र होत्या, की आईबापांनी रात्ररात्र त्याच्या उशाशी जागून काढली. मायदेशी परतल्यावर ताकाहाशींनी ओका आडनावाच्या तीन वर्षांच्या मुलाच्या फोडांतून विषाणू वेगळा केला, तो दुबळा केला आणि १९७४ मध्ये लस जगापुढे ठेवली. जगभरातल्या बहुतेक कांजिण्यांच्या लसींत आजही हाच 'ओका' वाण आहे. थोडक्यात, लस नवी आहे म्हणून थांबू, हे कारण आता पन्नास वर्षे जुने झाले.

पालकांची एक तक्रार मात्र गंभीरपणे ऐकायला हवी : "शेजारच्या पोराला लस दिली होती, तरी आल्या." हे घडते. एका डोसने शंभरातल्या ८०-८५ मुलांचे संरक्षण होते, उरलेल्यांना कांजिण्या येऊ शकतात. त्या येतात तेव्हा बहुधा पन्नासच्या आत फोड, ताप थोडा किंवा नाहीच. दोन डोसांनी संरक्षण ९० टक्क्यांच्या पुढे जाते. अमेरिकेने याच कारणासाठी २००६ मध्ये दुसरा डोस सुरू केला. आपल्याकडे गडबड इथेच होते. पहिला डोस दिला जातो, दुसरा राहून जातो आणि मग 'लस कुचकामी' असे गावभर होते. तिचे दुष्परिणाम विचाराल तर दंड दुखणे, कधी बारीक ताप, थोड्या मुलांत काही पुळ्या. आणि म्हातारपणी नागीण उठण्याची भीती? नागीण उठते ती लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांच्या अंगात दडून राहिलेल्या विषाणूमुळे. लस घेतलेल्या मुलांत तिचे प्रमाण कमीच आढळले आहे.

मग सरकारने ही लस उद्याच कार्डावर छापावी का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये मांडलेल्या भूमिकेत एक इशारा आहे. कांजिण्यांची लस द्यायची तर ८० टक्क्यांहून अधिक मुलांपर्यंत सातत्याने पोचता आले पाहिजे. २० ते ८० टक्क्यांच्या मध्येच अडकले, तर विषाणूचे फिरणे कमी होते पण थांबत नाही, आणि लस न घेतलेल्या मुलांना हा आजार पाचव्या वर्षाऐवजी पंधराव्या किंवा बाविसाव्या वर्षी गाठतो. म्हणजे नेमका धोक्याच्या वयात. ब्रिटनने वर्षानुवर्षे ही लस सर्वांना दिली नव्हती. मुलांतल्या कांजिण्या संपल्या तर मोठ्यांत नागीण वाढेल, अशी तिथल्या तज्ज्ञांना शंका होती. अमेरिकेच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ती भीती खरी ठरवली नाही. तिथे कांजिण्यांचे रुग्ण ९७ टक्क्यांहून अधिक घटले. अखेर ब्रिटननेही जानेवारी २०२६ पासून ही लस बालकांच्या नियमित वेळापत्रकात घेतली.

आपल्याकडे अर्धवट लसीकरणाची ती परिस्थिती कोणी ठरवून आणलेली नाही, ती बाजाराने आपोआप आणली आहे. सावेडीतले मूल लस घेते, कोपीतले घेत नाही. शहरांत लस घेणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले, की विषाणूचे फिरणे मंदावेल आणि लस न मिळालेली मुलगी लहानपणी कदाचित कांजिण्यांतून सुटेल. तिला त्या लग्नानंतर, पोटात बाळ असताना होतील. ज्यांना परवडते त्यांच्या योग्य निर्णयाची किंमत ज्यांना परवडत नाही त्यांनी चुकवायची, असा हा व्यवहार होऊ शकतो. म्हणून परवडणाऱ्या पालकांनी लस घेऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी घ्यावी, दोन्ही डोस घ्यावेत. पण शासनाने 'हा तुमचा वैयक्तिक निर्णय' म्हणून हात झटकणे आता चालणार नाही. संपूर्ण कार्यक्रमाला वेळ लागणार असेल, तर निदान धोक्याच्या ठिकाणांपासून सुरुवात होऊ शकते : आश्रमशाळा आणि वसतिगृहे, नर्सिंग व वैद्यकीय विद्यार्थी, कांजिण्या न झालेल्या तरुण मुली, आणि स्थलांतरापूर्वी ऊसतोड कामगारांची मुले. सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाला मूल केंद्रावर येतेच. त्याच दिवशी, दुसऱ्या दंडावर ही लस देता येते, वेगळी फेरी घालावी लागत नाही.

तोवर घरोघरी काय करायचे? बाळ सव्वा वर्षाचे झाले की डॉक्टरांना आपणहून विचारावे. मोठ्या मुलाचे राहून गेले असेल तरी उशीर झालेला नाही. तेरा वर्षांच्या आत दोन डोसांत तीन महिने, त्यापुढे चार ते आठ आठवडे अंतर ठेवतात. पैसे दोघांपैकी एकाचेच असतील, तर दहावीतल्या, कांजिण्या न झालेल्या मुलीचा विचार आधी करावा, दोन वर्षांच्या धाकट्याचा नंतर. हे ऐकायला उलटे वाटते, पण धोका तिला अधिक आहे. लग्न ठरलेल्या मुलीने लस घेतली तर त्यानंतर महिनाभर तरी गर्भधारणा टाळावी. घरात एकाला कांजिण्या निघाल्या आणि दुसरा अजून कोरा असेल, तर तीन दिवसांच्या, फार तर पाच दिवसांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. हे फार थोड्या पालकांना माहीत आहे.

आजार झालाच, तर तापाला पॅरासिटॅमॉल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नाही, त्याने मुलांमध्ये यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे. खाज जावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन कोणी देऊ पाहील तर घेऊ नये, त्याने रोग उसळतो. कोमट पाण्याने रोज आंघोळ घालावी, पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकायचा असेल तर खुशाल टाकावा. नखे कापावीत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, शाळा नाही, लग्नकार्य नाही. चार दिवसांनंतरही ताप उतरला नाही, फोडाभोवती लाली आणि सूज पसरू लागली, श्वास लागला, मूल झोपाळू झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय. पंधरा वर्षांपुढच्या कोणालाही कांजिण्या निघाल्या तर पहिल्या चोवीस तासांत डॉक्टरांकडे जावे, कारण विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग तेव्हाच होतो. आणि घरात, शेजारच्या कोपीत, वर्गात कोणी गर्भवती असेल व तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर अंगावर फोड दिसण्याची वाट न पाहता तिने लगेच दवाखाना गाठावा.

टोळ्या निघण्याआधी, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, आशाताई वस्त्यांवर फिरून स्थलांतर करणाऱ्या गर्भवतींची आणि लहान मुलांची विचारपूस करते. "तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं?" हे विचारायला तिला अर्धे मिनिट पुरेल. त्या उत्तरासाठी कार्डावर अजून रकाना नाही.